लोणार : लाव्ह्याने वेढलेले पाणी

बुलढाणा जिल्ह्याला दोन मजले आहेत. ‘घाटाखाली’ आणि ‘घाटावर’ हे शब्द इथल्या बोलण्यात रोजचे. सोयरीक जुळवताना, पीकपाण्याची चौकशी करताना, बदलीचे गाव विचारताना ते सहज तोंडी येतात. सातपुड्याच्या पायथ्याचा संग्रामपूर तालुका अगदी खालच्या मजल्यावर, तर लोणार वरच्या मजल्याच्या दक्षिण टोकाला. जिल्हा एकच, पण दोन्हींत रस्त्याने दीडशे किलोमीटरच्या घरातले अंतर. त्यामुळे देशोदेशींचे भूशास्त्रज्ञ ज्या सरोवरासाठी वाट वाकडी करून येतात, ते पाहायला घाटाखालच्या माणसाला ‘एकदा जायचे आहे’ असे म्हणण्यापलीकडे सवड होत नाही. खरे तर पहाटे निघून रात्री घरी परतता येईल एवढीच ही सहल आहे.

ज्वालामुखीचे बेट म्हटले की अंदमानच्या समुद्रातील बॅरन बेट आठवते. मुंबईकरांच्या नजरेसमोर घारापुरी येते. तिथल्या लेण्याही दख्खनच्या लाव्ह्याच्या काळ्या दगडातच कोरलेल्या आहेत. लोणारचा प्रकार बरोबर उलटा आहे. तिथे पाण्याने वेढलेला लाव्हा नाही, लाव्ह्याने वेढलेले पाणी आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. आजही ते सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले आहे. या काळ्या विस्तारात एका जागी पावणेदोन किलोमीटरहून थोडे अधिक रुंद असे गोल भोक पडले आहे आणि त्याच्या तळाशी हिरवट, खारट, उग्र वासाचे पाणी साठले आहे. हे भोक ज्वालामुखीचे मुख असावे, असे दीडशे वर्षे अनेकांना वाटत होते. तसे वाटणे स्वाभाविक होते. ते चुकीचे कसे ठरले, हे पुढे येईलच.

तीन पाण्यांचा रस्ता

संग्रामपूरहून वरवट बकालमार्गे शेगावकडे निघाले की पहिली ओलांडावी लागते ती पूर्णा. या नदीचे खोरे म्हणजे गाळाची सपाट, काळी, कपाशीची जमीन. दिसायला समृद्ध, पण पोटात खारी. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून गेलेल्या या पट्ट्याला ‘खारपाणपट्टा’ असे नावच आहे. गाळाच्या खोल थरांतले क्षार निचरा न होता तिथेच राहिल्याने विहिरींचे आणि कूपनलिकांचे पाणी मचूळ लागते. संग्रामपूर तालुक्यातील कित्येक गावांना पाण्याचा खारेपणा शिकवावा लागत नाही. तो त्यांच्या माठात असतो. लोणारच्या पाण्याची चव कशी असेल याचा अंदाज या प्रवाशांना इतरांपेक्षा लवकर येतो.

पूर्णा इथे पश्चिमेकडे वाहते, चांगदेवला तापीला मिळते आणि अखेर अरबी समुद्राला जाते. शेगाव, खामगाव मागे टाकून घाट चढला की हवा किंचित हलकी होते, जमिनीचा रंग बदलतो आणि रस्त्याकडेच्या कापलेल्या दरडींत काळ्या पाषाणाचे आडवे थर उघडे पडलेले दिसतात. वाहन जरा थांबवून ते पाहून घ्यावेत. लोणारला जे कळायचे आहे त्याची बाराखडी या दरडींत आहे : इथे थर आडवे आहेत, एकावर एक नीट रचलेल्या घडीसारखे. लोणारच्या कडेवर तेच थर कसे दिसतात, ते ताडून पाहायचे आहे.

घाटावर मेहकरला पैनगंगा भेटते. ही नदी पूर्वेकडे जाते. तिचे पाणी वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी यांतून बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणजे सकाळच्या दोन-तीन तासांत प्रवासी एका समुद्राच्या पाण्याकडून दुसऱ्या समुद्राच्या पाण्याकडे आलेला असतो. मेहकरात वेळ असेल तर शारंगधर बालाजीचे दर्शन घ्यावे. १८८८ साली खोदकामात सापडलेली ही काळ्या पाषाणाची भव्य मूर्ती विदर्भातील मूर्तिशिल्पांत वरच्या मानाची आहे. मात्र सकाळचे ऊन लोणारसाठी राखून ठेवायचे असेल तर हे दर्शन परतीच्या वेळी घेतलेले बरे.

मेहकरहून लोणार जवळच आहे. शेगाव-पंढरपूर पालखी महामार्ग याच वाटेने लोणारवरून पुढे मंठ्याकडे जातो. आणि इथे येतो तिसऱ्या प्रकारचा पाणलोट : जे पाणी लोणारच्या विवरात उतरते, ते कोणत्याच समुद्राला जात नाही. त्याला बाहेर पडायला वाट नाही. ते फक्त उन्हाने उडते, आणि उडताना आपल्यातला क्षार मागे ठेवते. लोणारबद्दल सांगण्यासारखे जे जे आहे, मग ते पाण्याचा रंग असो, मिठाचा जुना व्यापार असो की काठच्या मंदिरांचे आजचे संकट, ते सारे या एका गोष्टीतून निघते.

कडेवरून

लोणार गावात शिरल्यावर पुष्कळ पर्यटक थेट मंदिरांकडे वळतात. जाणता वाटाड्या मात्र आधी विवराच्या कडेवर नेतो, आणि तेच योग्य आहे. कारण लोणार जवळ जाईपर्यंत दिसत नाही. शेते, बाभळी, एखादी टेकडीवजा चढण, आणि एकदम पायाखालची जमीन संपते. समोर जवळजवळ अचूक गोल असा खड्डा. त्याचा सरासरी व्यास सुमारे १.८ किलोमीटर, कडेपासून पाण्यापर्यंतची खोली १३७ मीटरच्या आसपास. भोवतालच्या सपाटीहून कड सुमारे २० मीटर उंच उचललेली. तळाशी सव्वा किलोमीटरच्या आसपास रुंदीचे पाणी, आणि पाण्याभोवती झाडांचे गर्द कडे. भर उन्हाळ्यात वरचे पठार करपलेले असताना हे कडे हिरवे राहते.

कडेची उतरण नीट पाहिली तर घाटातल्या दरडीची आठवण होते. इथेही लाव्ह्याचे थर आहेत. विवराच्या भिंतीत असे सहा थर अभ्यासकांनी मोजले आहेत. पण ते आडवे नाहीत. कडेजवळ ते वर उचलले जाऊन बाहेरच्या बाजूला कलले आहेत, काही ठिकाणी तर कागदाचे टोक मुडपावे तसे उलटे झाले आहेत. आतून प्रचंड जोराने काही बाहेर फेकले गेले, याची ही खूण. भोवती किलोमीटर-सव्वा किलोमीटरपर्यंत फुटलेल्या दगडधोंड्यांची चादर पसरलेली आहे, तीही हेच सांगते.

मग ते ज्वालामुखीनेच फेकले नाही कशावरून? १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने लोणारची नोंद केली, त्यानंतर शतकभर विद्वानांनी या प्रश्नाची बरीच घुसळण केली. काहींनी वायूचा स्फोट सुचवला, काहींनी जमीन खचल्याचा तर्क केला. १८९६ मध्ये ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या अमेरिकी भूशास्त्रज्ञाने ॲरिझोनातील विवराशी लोणारचे साम्य हेरले. गंमत अशी की, ते ॲरिझोनाचे विवरही उल्केचे नसून वाफेच्या स्फोटाचे असावे, असे तेव्हा त्याचे मत होते. म्हणजे साम्य त्याने बरोबर ओळखले, आणि कारण दोन्ही ठिकाणचे चुकले.

निकाल लागला तो खडकाच्या कणांत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्था यांच्या सहकार्याने सरोवराच्या तळाशी छिद्रे पाडण्यात आली. सुमारे शंभर मीटर गाळाखाली फुटून एकजीव झालेल्या खडकाचा थर लागला आणि त्यात मास्केलिनाइट सापडले. हा पदार्थ म्हणजे वितळल्याशिवाय काच झालेले फेल्डस्पार हे खनिज. ज्वालामुखीत उष्णता कितीही असो, खडकावर एवढा दाब क्षणार्धात पडत नाही. तो पडतो अंतराळातून प्रचंड वेगाने येणाऱ्या वस्तूच्या धडकेने. १९७३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांनी हा पुरावा मांडला आणि लोणार हे बेसाल्टमधील आघात-विवर ठरले.

याहून सोपा पुरावा कालगणनेचा आहे. भोवतालचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांचा. विवराचे वय पूर्वी सुमारे ५०,००० वर्षे सांगितले जाई, आणि कित्येक फलकांवर व पुस्तिकांत अजूनही तोच आकडा वाचायला मिळतो. २०१०-११ च्या सुमारास आरगॉन पद्धतीने केलेल्या मापनात तो सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघाला. कोणताही आकडा घेतला तरी दख्खनचे ज्वालामुखी थंडावून कोट्यवधी वर्षे झाल्यानंतरची ही घटना आहे. विझलेल्या चुलीवर दूध उतू जात नाही.

बेसाल्टमध्ये पडलेली आणि इतक्या चांगल्या अवस्थेत राहिलेली आघात-विवरे पृथ्वीवर फार थोडी. चंद्राचा आणि मंगळाचा बराच पृष्ठभाग याच जातीच्या खडकाचा असल्याने तिथल्या विवरांचा अभ्यास करणाऱ्यांना लोणार ही हाताशी असलेली प्रयोगशाळा वाटते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९७९ मध्ये त्याला राष्ट्रीय भूवारसा स्मारकाचा दर्जा दिला. २००० मध्ये ते वन्यजीव अभयारण्य झाले, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये रामसर यादीत आले. त्याच वर्षी जानेवारीत नांदूर मधमेश्वरला हा मान मिळाला होता. त्यामागून लोणार हे राज्यातील दुसरे रामसर स्थळ.

धारेपासून पाण्यापर्यंत

उतरायचे ते धारातीर्थाजवळून. गावाच्या बाजूला कडेच्या पोटातून झऱ्याचे पाणी गोमुखातून बारमाही पडते. भोवती जुन्या मंदिरांचा समूह आणि फरसबंद कुंड. सकाळी इथे स्नानाला येणाऱ्यांची वर्दळ असते. हे पाणी गोडे आहे, एवढे ध्यानात ठेवावे. जवळच सीता न्हाणी हा दुसरा झरा. अशा गोड्या झऱ्यांचे आणि पावसाचे पाणी वाहत खाली जाते आणि दीडशे मीटरच्या उताराच्या शेवटी खारट होते. यात चमत्कार नाही. वर्षानुवर्षे पाणी उडत गेले आणि मीठ-सोडा साठत गेला, इतकेच. पण डोळ्यांसमोर गोडे पाणी खाऱ्या पाण्यात उतरताना पाहिले की लवणासुराची कथा रचणाऱ्यांचे नवल वाटत नाही.

कथा अशी की, जमिनीखालच्या बिळात दडून बसलेल्या लवणासुराला विष्णूने सुंदर तरुणाच्या रूपाने येऊन शोधून काढले. दैत्याच्या बहिणींनीच मोहित होऊन ठिकाण सांगितले. विष्णूने पायाच्या अंगठ्याने बिळावरचे झाकण उडवले. ते कित्येक कोसांवर जाऊन पडले. दैत्य मारला गेला, त्याच्या रक्ताचे पाणी झाले आणि देहाचे मीठ. एका वस्तूच्या धडकेने खड्डा पडतो आणि दगड दूरवर फेकले जातात, हे विज्ञानाने सांगण्याआधी कथेने ते सांगितले होते, असे कौतुकाने म्हटले जाते. त्यात फार अर्थ शोधू नये. गोल खड्डा आणि भोवती विखुरलेले धोंडे पाहून ‘झाकण उडाले’ असे वाटायला विज्ञान लागत नाही, चांगली नजर पुरते.

झाडीतून उतरणारी वाट रामगयेवरून जाते. वाटेत पायऱ्या काही ठिकाणी निखळलेल्या, काही ठिकाणी मुळांनी उचललेल्या. वरच्या उतारावर साग आणि पानझडी झाडे, पाण्याजवळ बाभूळ आणि वेडी बाभूळ. ही शेवटची मूळची इथली नव्हे. बाहेरून आलेल्या या झाडाने विवराचा बराच भाग व्यापला असून ते काढण्याचे प्रयत्न वारंवार झाले आहेत. माकडे, मोर आणि घोरपडी हमखास दिसतात. पक्षी पाहायचे असतील तर हिवाळ्यात यावे. पूर्वी विवराच्या आतही शेती आणि बागाईत होत असे. अभयारण्याने ती थांबवली, कारण खते आणि कीटकनाशके वाहून जायची तीही त्याच बंद पाण्यात.

पाण्याजवळ आल्यावर नाकाला सडक्या अंड्यासारखा वास जाणवतो. तो चिखलात तयार होणाऱ्या गंधकयुक्त वायूचा. पाण्याचा सामू दहाच्या आसपास असल्याचे अनेक वर्षांच्या मोजण्यांत आढळले आहे. म्हणजे ते साबणाच्या पाण्याच्या जवळ जाणारे. त्यात मीठ आहेच, त्याहून महत्त्वाचा सोडा आहे. ‘ऐन-ए-अकबरी’त मेहकर सरकारातील या स्थळाचा उल्लेख करताना अबुल फझलने काच आणि साबण करण्याचे सामान इथे मिळत असल्याचे, सोऱ्याच्या उत्पादनातून सरकारला चांगला महसूल मिळत असल्याचे लिहून ठेवले आहे. ब्राह्मण या स्थळाला विष्णुगया म्हणतात, हेही त्याने नोंदवले. एकाच परिच्छेदात तीर्थ आणि कारखाना! उन्हाळ्यात पाणी आटले की काठावर क्षाराचे पापुद्रे बसत आणि ते खरवडून नेले जात. हा उद्योग आता इतिहासजमा झाला आहे.

अशा पाण्यात नेहमीचे जलचर टिकत नाहीत. पण पाणी निर्जीव मुळीच नाही. ते हिरवे दिसते ते स्पिरुलिना जातीच्या सूक्ष्म शैवालसदृश जीवांमुळे. क्षारातच वाढणारे अनेक जीवाणू इथे सापडले असून त्यांच्यापासून मिळणाऱ्या विकरांवर प्रयोगशाळांत काम झाले आहे. जून २०२० मध्ये टाळेबंदीच्या दिवसांत हे सरोवर एकाएकी गुलाबी झाले आणि छायाचित्रे देशभर पोचली. नाना तर्क लढवले गेले. नमुने तपासल्यावर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितले की, खाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव गुलाबी रंगद्रव्य तयार करत होते. पाणी कमी झाले, खारेपणा वाढला, त्यांची संख्या वाढली. पाऊस पडून पाणी पातळ झाल्यावर रंगही गेला. सरोवराचा रंग म्हणजे त्याच्या खारेपणाचा काटाच म्हणायचा.

कमळजा आणि वाढते पाणी

काठावरचे कमळजा देवीचे मंदिर हे लोणारच्या श्रद्धेचे केंद्र. नवरात्रात इथे यात्रा भरते आणि एरवी शांत असलेल्या उतारावरून माणसांची रांग लागते. देवळासमोर एक विहीर आहे. तिला ‘सासू-सुनेची विहीर’ म्हणतात. एका बाजूचे पाणी गोडे आणि दुसऱ्या बाजूचे खारे, म्हणून हे नाव. कोणती बाजू सासूची, हे सांगणाऱ्यागणिक बदलते. पण त्यातले तथ्य साधे आणि सुंदर आहे : उताराकडून झिरपणारे झऱ्याचे पाणी आणि सरोवराकडून येणारे खारे पाणी यांची सीमारेषा नेमकी या विहिरीतून जाते.

ही सीमारेषा स्थिर नाही. २००६ मध्ये सरोवर इतके आटले की तळातला क्षार पांढराफटक उघडा पडला. अलीकडच्या वर्षांत उलटे झाले. पातळी वाढून पाण्याने काठच्या मंदिरांना गाठले आणि विहिरीच्या भोवतीची जागाही घेतली. कारणांबाबत एकवाक्यता नाही. भरपूर पावसाची वर्षे, झऱ्यांचे वाढलेले पाणी, पूर्वी धारेचे पाणी शेतीला वापरले जाई ते आता सरळ खाली जाणे, परिसरातील जलसंधारणाची कामे अशी अनेक कारणे पुढे केली जातात. कडेवर वसलेल्या गावाचे सांडपाणी विवरात उतरते ही तक्रार तर फार जुनी. सरोवराच्या रक्षणाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे अनेक वर्षे चालला आहे.

पाणी वाढले तर बिघडले कुठे, असे विदर्भातल्या माणसाला वाटू शकते. लोणारच्या बाबतीत पाणी वाढणे म्हणजे पातळ होणे. खारेपणा आणि सामू घसरला तर हजारो वर्षे इथे जमलेली सूक्ष्मजीवांची वस्ती टिकणार नाही आणि तिच्या जागी कुठल्याही गावतळ्यात असणारे जीव येतील. त्याउलट पाणी आटू दिले तर मंदिरे वाचतील, पण झऱ्यांवर जगणारे रान सुकेल. दोन्ही वारसे एकाच काठावर आहेत आणि त्यांचे हित प्रत्येक वेळी सारखे नाही, ही खरी अडचण आहे. त्यामुळे झरे अडवा किंवा सरोवर उपसा अशा झटपट उपायांकडे जरा संशयानेच पाहिले पाहिजे.

या प्रश्नाला इतिहासाची एक बाजू आहे आणि ती सरोवराच्या गाळात जपलेली आहे. पाण्याला बाहेर वाट नसल्याने गाळही बाहेर गेलेला नाही. पावसाची जमाखर्चाची वही असावी तसा तो थरांनी साचला आहे. जर्मन आणि भारतीय संशोधकांनी सरोवरातून सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा गाभा काढला. त्यात गेल्या सुमारे ११,००० वर्षांच्या मोसमी पावसाची नोंद मिळाली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार साधारण ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वी आणि पुन्हा २,००० ते ६०० वर्षांपूर्वी या भागात दीर्घ कोरडे कालखंड होऊन गेले. त्या थरांत गेलुसाइट या क्षाराचे स्फटिक सापडले. पाणी फार आटून खारे झाल्यावरच ते तयार होतात.

आता विवरातली मंदिरे कधी बांधली गेली ते पाहावे. स्थापत्यावरून ती बहुतेक दहाव्या ते तेराव्या शतकातली मानली जातात. म्हणजे ती या दुसऱ्या कोरड्या कालखंडात उभी राहिली. बांधणाऱ्यांनी आपल्या वेळच्या काठापासून सुरक्षित अंतर सोडले असणार. तो काठच खाली होता. हा तर्क आहे, शिलालेख नव्हे. पण कमळजेच्या पायरीशी पाणी पाहताना तो मनातून जात नाही.

कमळजेपासून काठाकाठाने पुढे गेले की शंकर-गणेश, वाघ महादेव, मोर महादेव, मुंगळा अशी मंदिरे झाडीत भेटतात. काही पार कोसळलेली, काहींचे नुसते खांब उभे, काहींच्या गाभाऱ्यात वटवाघळांचे राज्य. वाघ महादेवाच्या मंदिरात एके काळी वाघ येऊन बसे, असे सांगतात. पूर्ण वळसा चार किलोमीटरच्या आसपास. पाणी चढलेले असेल तर वाट मध्येच तुटते आणि काट्यांतून जावे लागते. इथे वाटाड्याशिवाय शिरू नये. अंतर फार म्हणून नव्हे, तर वेड्या बाभळीत सगळ्या वाटा सारख्याच दिसतात म्हणून.

वर, गावात

दुपारी वर चढून आल्यावर दैत्यसूदन मंदिर पाहायचे. ते गावाच्या मध्यात आहे आणि लोणारच्या सर्व वास्तूंत तेच श्रेष्ठ. महाराष्ट्रात दगडी मंदिर दिसले की ‘हेमाडपंती’ म्हणून मोकळे होण्याची आपली सवय इथे बाजूला ठेवावी. याचे विधान ताऱ्यासारखे आहे. भिंत सरळ न जाता कोनाकोनाने आत-बाहेर वळते, त्यामुळे दिवसभर तिच्यावर ऊन-सावलीच्या उभ्या पट्ट्या सरकत राहतात. उंच जोत्यावर आणि बाह्यभिंतीवर देवता, सुरसुंदरी, मिथुने यांची दाटी आहे. आत छतावर दैत्यवधाचे प्रसंग कोरलेले. मान वर करून पाहताना डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्यावी. घाईत आलेल्यांना ते छत काळेच दिसते. चालुक्य-यादव काळातील या मंदिराचे मूळ शिखर आज नाही. मे महिन्याच्या मध्यास काही दिवस सूर्यकिरण थेट गाभाऱ्यातील मूर्तीपर्यंत पोचतात, असे गावकरी सांगतात. त्या दिवसांत लोणारचा उन्हाळा मात्र सोसावा लागतो.

विवरात डोळ्यांनी पाहिलेला काळा पाषाण इथे हाताला लागतो. भोवतालचा लाव्हाच कारागिरांनी घडवला. बेसाल्ट कठीण आणि बारीक कणांचा. त्यावर वालुकाश्मासारखी सुबक धार काढणे जिकिरीचे. दैत्यसूदनाच्या मूर्तींची बोटे, दागिन्यांचे मणी पाहिले की या कारागिरांचा हात किती बसला होता ते कळते. जवळच लिंबी बारव आहे, तीही पाहून घ्यावी.

गावापासून थोड्या अंतरावर मोठा मारुती. ही आडवी, झोपलेल्या स्थितीतील मूर्ती. तिचा दगड चुंबकीय असल्याचे सांगून होकायंत्राची सुई हलवून दाखवली जाते. बेसाल्टमध्ये लोहयुक्त खनिज असतेच, त्यामुळे सुई हलल्याने मूर्ती अंतराळातून आली असे सिद्ध होत नाही. मंदिराजवळ अंबर तळे नावाचा उथळ खळगा आहे. मुख्य अशनीचाच एक तुकडा इथे पडला असावा, असा अंदाज काही अभ्यासकांनी मांडला. सगळ्यांना तो पटलेला नाही. मोठ्या विवराचा निकाल लागला, धाकट्याचा लागायचा आहे.

जाण्यापूर्वी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सर्वांत चांगला काळ. पावसाळ्यात कडा हिरव्यागार असतात, पण उतार निसरडा होतो. लोणारसाठी मेहकर आणि जालना या दोन्ही बाजूंनी रस्ते सोयीचे आहेत. समृद्धी महामार्गाने येणाऱ्यांना मेहकरला उतरता येते. संग्रामपूरकडून येणाऱ्यांना शेगाव-खामगाव-मेहकर हाच मार्ग. मुक्काम करायचा झाल्यास कडेजवळच पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान आहे. विवर हे अभयारण्य असल्याने उतरण्याच्या वेळा आणि वाटा वन विभाग ठरवतो. पाण्याच्या पातळीनुसार त्या बदलतात, म्हणून उतरण्यापूर्वी प्रवेशद्वारी चौकशी करावी. पायात बूट, सोबत पिण्याचे पाणी हवेच, कारण खाली एवढे पाणी असून पिण्याजोगे नाही. साबण, निर्माल्य, प्लास्टिक यांपैकी काहीही खाली नेऊ नये. तिथे टाकलेले तिथेच राहते.

उतरणे, काठाने जमेल तेवढे फिरणे आणि परत चढणे यांना चार तास धरावेत. त्यात चढायचा शेवटचा टप्पा वयस्कांना दमवतो. गावातली मंदिरे दोन तासांत होतात. घाटाखाली परतायचे असेल तर साडेतीनच्या सुमारास निघावे. जड वाहनांमागे सापडले नाही तर खामगावच्या अलीकडे दिवेलागण होते, आणि पूर्णेच्या पुलावर पोचेपर्यंत अंधार पडलेला असतो.